चार मोठी चाकं

भात कापून झालं की आमच्या खोऱ्यात उजेड वाढतो. पीक उभं असतं तोवर नजर कुठं ना कुठं अडते. आता नुसती खुंटांची मोकळी खाचरं, त्यात चार बगळे, आणि खळ्याखळ्यांतून झोडणीचा धपधप आवाज. शाळेत मुलं अंगावर भाताची कुसळं घेऊन येतात आणि दिवसभर खाजवतात. मी फळ्याकडं तोंड करून गणित लिहीत असते आणि पाठीमागून तो खरखर आवाज येत असतो. लोकांना हे दिवस आवडतात. घरात दाणा येतो, हवा गार होते, मुंबईची माणसं चार दिवस रजा काढून येतात. मला ह्या दिवसांत काहीच वाटत नाही. वाईटसुद्धा वाटत नाही. दिवाळी सरली की माझ्या आत एक दार लोटलं जातं आणि शिमग्याच्या आसपास ते आपणहून उघडतं. ह्याला बारा वर्षं झाली.

परवा आम्ही दोघं पोलादपूरला बाजाराला गेलो होतो. नाक्यावर कुणा कंत्राटदाराचा पिकप उभा होता. त्याला मोठी चाकं बसवलेली, टायरवर मुठीएवढे ठोकळे, आणि गाडी अशी उंच की खालून कुत्रं मान न वाकवता पलीकडं गेलं. भोवती माणसं जमली होती. आमचे हे गर्दीत शिरले, गाडीला एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं आणि त्या ड्रायव्हरला विचारलं, "पाचवं हाय का?"

"काय पाचवं?"

"चाक. ह्याच मापाचं."

ड्रायव्हरनं हसून मागं बोट दाखवलं. हौद्यात साखळीनं बांधलेलं तसलंच एक चाक होतं. "मग फिट हाय," हे म्हणाले. त्यानंतर वाडी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आम्हा दोघांना गप्प राहायची चांगली सवय आहे. वाडीतले लोक त्याला समजूतदारपणा म्हणतात आणि नव्या सुनांना आमचा दाखला देतात.

आमचाही एक पिकप होता. ह्यांचं नाव दत्ताराम. लग्नाआधी हे मुंबईला एका शेठची गाडी चालवायचे. तिथून येताना ट्रंक, घड्याळ आणि मिशी एवढं आणतात सगळेच. ह्यांनी डिस्पोजलमधून लष्कराचा जुना पिकप आणला. रंग शेवाळासारखा, दारावर पुसट इंग्रजी आकडे. हा पिकप पोलादपूरपर्यंत गुणी लेकरासारखा यायचा आणि तिथून पुढं आमच्या वाडीच्या वाटेला लागला की हट्टाला पेटायचा. ती वाट बैलगाडीची. मध्ये धोंडे, दोन्ही बाजूंना चाकोऱ्या, आणि अर्ध्यावर ओढ्याचा उतार. पिकपचं पोट मधल्या धोंड्याला घासायचं. मग हे खाली उतरून धोंड्याला मुंबईच्या शिव्या द्यायचे.

पिकप वाडीत आणायचाच, हे मात्र त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यालाही कारण होतं. आमच्या वाडीत कुणी अंथरुणाला खिळलं की डोली निघते. एक लांब दांडा, त्याला घोंगडीची झोळी, झोळीत दुखणाईत माणूस, आणि दर घरटी एक खांदा. कुणाचं भांडण असो, अबोला असो, हाक आली की खांदा द्यायचा. पण खांदे सगळे मुंबईच्या गिरणीत. वाडीत उरलेले म्हातारे आणि बायका. ह्यांच्या वडिलांना पोटात कळ आली तेव्हा तीनच खांदे मिळाले होते, आणि वडील वाटेतच गेले. हे तेव्हा मुंबईला शेठची गाडी धूत होते. "खांदं नसले तर चाकं पायजेत," हे म्हणायचे. इतकं साधं गणित. मी शिक्षिका असून मला त्यात चूक दिसली नाही.

शिमगा झाल्यावर ती चाकं बसली. माझं माहेर महाडला, चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि हसन मिस्त्रीचा कारखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशी. कारखाना म्हणजे चार पत्रे आणि एक आंब्याचं झाड. मी माहेरी आले होते, म्हणून ह्यांचा आणि मिस्त्रीचा चहा घेऊन गेले आणि तिथंच बसून राहिले. चाकं एका मोठ्या लष्करी ट्रकची होती. नटांची भोकं जुळली. मधलं भोक मात्र लहान पडलं, ते मिस्त्रीनं कानशीनं घासून घासून मोठं केलं. दोन दिवस तो कर्कर आवाज गल्लीत चालला. मग चाकं मडगार्डला घासू लागली म्हणून छिन्नीनं मडगार्ड कापले. मग गाडी बसते म्हणून स्प्रिंगच्या कमानीत एकेक पाटा वाढवला. एवढं झालं तरी स्टिअरिंगचं चक्र पूर्ण फिरवलं की पुढचा टायर आत कुठंतरी खरडायचाच. "पुरा कट मारू नको," मिस्त्री म्हणाला. "आन् ब्रेक लवकर दाब. चाक मोठं झालं म्हंजे गाडी तुजं ऐकंल, पन उशिरानं ऐकंल."

चाकं बसवून झाल्यावर तो हात पुसत म्हणाला, "चार झाली. पाचवं?"

"लॉटात चारच व्हती, मिस्त्री."

"आन् पंक्चर झालं तर?"

"जुन्यातलं एक ठेवतो की स्टेपनीला. नट तर जुळतात."

मिस्त्रीनं चहा बशीत ओतला. जुन्या चाकांतली दोन तुडीलच्या एका गाडीवानानं बैलगाडीला नेली, एकाच्या टायरच्या वाडीभर वहाणा झाल्या, आणि चौथं हौद्यात पडून राहिलं. मोठ्या चाकांशेजारी ते खेळण्यातलं वाटायचं.

पिकप पहिल्यांदा वाडीत शिरला तो दिवस मला चांगला आठवतो. सासूबाईंनी चाकांना हळद-कुंकू लावलं. उंची एवढी की त्यांचा हात टायरच्या वरच्या कडेला पोचेना, म्हणून त्यांनी खालच्या बाजूलाच लावलं आणि म्हणाल्या, "पाय धरले म्हंजे झालं." आत चढायला एक खोका कायम गाडीत ठेवावा लागे. भिकूआबा म्हणजे वाडीतले सगळ्यांत जुने खांदेकरी. डोली निघाली की घराघरांत हाक देणं त्यांच्याकडं. ते पिकपजवळ काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "दत्ताराम, आता आमच्या खांद्यांना पेन्शन दिलीस रे तू." सगळे हसले. मीही हसले. मला नवऱ्याचा तेव्हा फार अभिमान वाटला, हे सांगायला हवं, कारण नंतर मला बराच काळ काही वाटलं नाही.

डोलीचा दांडा आमच्या घरी असायचा. आमची पडवी लांब, म्हणून तो आढ्याखाली दोन दोरांवर टांगलेला. कळकाच्या बांबूचा, पण चुलीच्या धुरानं काळा आणि गुळगुळीत झालेला, उचलला तर हातात वजनच लागू नये असा हलका. ह्यांच्या आजोबांच्या वेळचा होता म्हणत. त्याचे नेम होते. तो जमिनीला टेकवायचा नाही. वाटेत खांदे दमले तर दुसऱ्यांनी घ्यायचा, पण खाली ठेवायचा नाही. डोली रिकामी परत आली की त्याला करंजाचं तेल लावून पुन्हा टांगायचा. "भुईला टेकतो तो तिरडीचा," सासूबाई म्हणायच्या. मी महाडची, फायनल पास झालेली. मला हे सगळं गावंढळ वाटायचं, आणि तो दांडा बरोबर माझ्या कपड्यांच्या वलणीच्या आड यायचा.

मृगाच्या आधी मी परसात पडवळ लावलं. मांडवाला तीन मेढी मिळाल्या, चौथी मिळेना. हे भाड्याला गेले होते, सासूबाई शेतावर. मी उखळावर चढले, दांडा खाली घेतला, कोयत्यानं एक टोक उडवलं आणि हातभर खोल पुरला. मृग बरसला तसा वेल वर चढला.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्या मांडवाखाली बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांचा स्वभाव फाटक्या तोंडाचा. भाकरी करपली तरी माझ्या महाडच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. मी तयारीतच होते. पण त्या हळूच म्हणाल्या, "हे काय केलंस गो?"

"गाडी आहे ना आता, आत्याबाई."

"पावसात येते का गाडी वर?"

येत नव्हती. म्हणून मी म्हणाले, "बांबूला काय तोटा आहे? दुसरा तोडू."

"आता तोडलेला धा दिसात पोखरंल. दिवाळी होऊ दे. अवसेच्या काळोखात तोडायचा, मग वरीसभर धुरावर." मग त्यांनी वेलाकडं पाहिलं. "उपटून आता उपेग नाय. टेकला तो टेकला. दत्तूला बोलू नको. त्याला वाटंल, आपली गाडी आली म्हून घरात मस्ती आली."

त्या पावसात हे बहुतेक दिवस पिकपपाशी पोलादपूरलाच होते, आणि वाडीत कुणीही आजारी पडलं नाही. कुणाला साधी हगवणसुद्धा लागली नाही.

कार्तिकातली सकाळ. खळ्यात भाताच्या पेंढ्यांची उडवी रचलेली, दव अजून सुकलेलं नव्हतं. सासूबाई उडवीतून पेंढ्या काढून देत होत्या, मी झोडत होते. त्यांनी हात झटकला. "खुंट लागला वाटतं," म्हणाल्या, बोट तोंडात घातलं आणि पुढची पेंढी काढली. तासाभरानं त्या मधेच बसल्या. म्हणाल्या, डोळे उघडे राहत नाहीत. मी म्हटलं, पहाटे उठता म्हणून. मग ह्यांनी उडवी उसकटली. तळाशी काळी, पांढऱ्या पट्ट्यांची मण्यार निघाली.

नशीब असं की पिकप आदल्या संध्याकाळपासून वाडीतच होता. हौद्यात पेंढा टाकला, त्यावर सासूबाई, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. महाडच्या दवाखान्यात लस मिळते हे सगळ्यांना ठाऊक होतं. हे गाडी नीट चालवत होते. घाईत होते, तरी नीट चालवत होते, हे मी शपथेवर सांगेन. ओढ्याच्या वरच्या उतरणीला मागचा डावा टायर धोंड्याच्या धारेवर फाटला. मोठा आवाज झाला आणि गाडी एका बाजूला बसली.

जॅक पुरेना. गाडी उंच झाली होती, जॅक तेवढाच होता. ह्यांनी खाली दगड रचले, जॅक घसरला, पुन्हा रचले. ते खेळण्यातलं चाक एकदाचं लागलं. पिकप तीन पायांवर उभा आणि चौथा आखडलेला, तसाच लंगडत खाली उतरला. ओढ्यात मात्र मागच्या आसाचा लोखंडी गोळा धोंड्यावर चढून बसला. लहान चाक पाण्यावर अधांतरी गरगर फिरत राहिलं. हे चक्राशी झटत होते आणि ते चाक फिरत होतं. मला अजून कधीकधी ते फिरताना दिसतं. त्यात काही अर्थ नाही. नुसतं फिरतं.

"पाठीवर घेतो तिला," हे म्हणाले. पण सासूबाईंच्या हातांत धरायचं बळ राहिलं नव्हतं. गळ्यात घातलेले हात निसटून पडायचे. "डोली आनतो," म्हणून हे वाडीकडं पळत सुटले. पाऊण तासाची चढण.

आम्ही दोघी हौद्यात. खाली पाणी वाहत होतं. सासूबाईंच्या पापण्या मिटलेल्या, जीभ जड झालेली, पण शुद्ध पक्की होती. त्या म्हणाल्या, "दांडा सोधतील आता."

मी त्यांच्या तोंडावरची माशी हाकलली.

"सांगू नको," त्या म्हणाल्या. "कदी सांगू नको. नायतर तो तुला..." पुढचं मला कळलं नाही. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "भात झाकलंस का? बैल खाईल." मी झाकलं नव्हतं. मी म्हटलं, "झाकलंय." त्यानंतर त्या बोलल्या नाहीत, नुसता श्वास चालू होता. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवून बसले होते. मला भीती वाटत नव्हती आणि रडू येत नव्हतं. मी मनात त्यांच्या जागी कुणी दुसरी बाई आहे असं समजून बघितलं. तरी काही झालं नाही.

डोली यायला तीन तास लागले. भिकूआबा आणि पाच जण. खांद्यावर नुकता तोडलेला हिरवा कळक, पानांचे कोंभही नीट छाटलेले नव्हते. आबा धापा टाकत ह्यांना म्हणत होते, "पडवी पाह्यली, माळा पाह्यला, गोठा पाह्यला. तेवढ्यात खाली पोचलो असतो रे." हे म्हणाले, "आयनंच ठेवला असंल कुठंतरी. तीच सांगंल." सगळ्यांनी सासूबाईंकडं पाहिलं. मी पेंढा सारखा करत होते.

ओला बांबू जड असतो आणि लवतो. दर पन्नास पावलांवर झोळी धोंड्याला घासायची, मग थांबायचं, दोर आखडायचे, पुन्हा उचलायचं. मी मागून चालत होते. पोलादपूरची कौलं दिसायच्या आधी एका वळणावर आबांनी हात वर केला. ते झोळीवर वाकले, बराच वेळ वाकून राहिले. मग खांदेकऱ्यांना म्हणाले, "टेकवा आता."

त्यांनी दांडा भुईला टेकवला.

पुढचे दिवस मला नीट सांगता येतील, कारण त्यांत मी काहीही विसरले नाही. तेराव्यापर्यंतचे सगळे पाहुणे, कोण कुठं बसलं, कुणी किती भाकऱ्या खाल्ल्या. उरलेलं भात मी एकटीनं झोडलं. बायका म्हणायच्या, रडून घे गो, बरं वाटंल. मी डोळ्यांना पदर लावायचे, तो कोरडाच परत यायचा. एका सकाळी मी परसात जाऊन मांडव मोडला. दांडा बुडाशी वाळवीनं पोकळ केला होता. मी त्याचे तुकडे केले आणि न्हाणीच्या चुलीत घातले. जुनं, धुरावलेलं लाकूड, सुरेख जळलं. दोन दिवस घरातल्या माणसांनी त्यावर तापलेल्या पाण्यानं आंघोळ केली.

ह्यांनी ती चाकं महाडला नेऊन काढली. लहान चाकं कुठून कुठून गोळा करून बसवली आणि पिकप विकून टाकला. मुंबईला परत गेले नाहीत. त्या पौषातल्या अवसेला स्वतः बांबूच्या बेटात शिरून कळक तोडला, पडवीत टांगला आणि वर्षभर त्याला धूर दिला. तेव्हापासून वाडीत हाक आली की पहिला खांदा ह्यांचा. भिकूआबा गेल्यापासून हाक द्यायचं कामही ह्यांच्याकडंच आलं. लोक म्हणतात, दत्ताराम म्हणजे देवमाणूस. दर वर्षी ह्या दिवसांत एकदा तरी, जेवताना किंवा वहाणा घालताना, हे आपल्याशीच म्हणतात, "पाचवं चाक घेतलं पायजे व्हतं." मी आमटी वाढते. सासूबाईंनी सांगितलं होतं सांगू नको, म्हणून मी सांगत नाही. आजपर्यंत मी स्वतःची समजूत अशी घातली आहे. पण त्यांनी ते मला वाचवण्यासाठी सांगितलं होतं. त्यांच्या मुलाला बारा वर्षं जाळायला सांगितलं नव्हतं. ही गोष्ट मला ओढ्यातच कळली होती.

बाजाराहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी वरच्या आळीतल्या एका बाळंतिणीला घेऊन डोली गेली. ती आणि मूल दोघं सुखरूप. हे दुपारी परत आले, दांड्याला तेल लावून तो टांगला, आणि सदरा काढून ओट्यावर बसले. मी खोबरेल कोमट करून आणलं. ह्यांच्या दोन्ही खांद्यांवर घट्टे पडलेत, गाडीबैलाच्या मानेला पडतात तसे. डावा चोळता चोळता माझा हात थांबला. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ते आलं नाही, शब्द मात्र आले.

"दांडा मी पुरला होता," मी म्हणाले. "त्या वर्षी. वेलाच्या मांडवाला."

ह्यांनी मान वळवली नाही. समोर खळ्यात कोंबड्या दाणे टिपत होत्या. एक बाई डोक्यावर भारा घेऊन वाटेनं गेली, तिनं हाक मारली, ह्यांनी हात वर करून तिला ओ दिली.

"कुठल्या वेलाच्या?"

"पडवळाच्या."

"आयला ठावं व्हतं?"

"हो."

तेल वाटीत निवत चाललं होतं.

"त्या साली पडवळं लय लागली व्हती," हे म्हणाले. "आयनं सगळ्या वाडीत वाटली."

मी हो म्हणाले. त्यांनी बाजूचा सदरा उचलला, झटकला, अंगात घातला आणि बटणं लावत खळ्याकडं निघून गेले. उजवा खांदा चोळायचा राहिला होता.